नौदल स्मारकाची वर्गणी : आधी हिशेब, मग शिल्प

युद्धस्मारकाला दोन खर्च असतात, उभारणीचा आणि देखभालीचा. उभारणीसाठी लोक हौसेने पैसे देतात. देखभालीचा प्रश्न बहुधा उद्घाटनानंतर निघतो. मुंबईने ‘विक्रांत’ याच प्रश्नापायी गमावली.

४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये ही विमानवाहू नौका भारतीय नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले चढवले. ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाल्यावर ती संग्रहालय म्हणून लोकांना दाखवली जाऊ लागली, पण २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने तेही बंद पडले. एवढी जुनी नौका तरंगती ठेवायची म्हणजे गंजाशी रोजची लढाई, आणि ती लढायला ना सरकार पुढे आले ना उद्योगपती. २०१३ मध्ये ती वाचवण्यासाठी रेल्वे स्थानकांबाहेर वर्गणीचे डबे फिरले. त्या पैशांच्या हिशेबावरून २०२२ मध्ये ट्रॉम्बे पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. आरोप नाकारले गेले. खरेखोटे ठरवणे तपासाचे आणि न्यायालयाचे काम. दरम्यान २०१४ च्या अखेरीस दारूखान्यात नौकेची तोडणी सुरू झालेली होती, आणि पुढे तिचे पोलाद मोटरसायकलींत वापरले गेले! ‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू नौकेचेही तेच झाले. २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिच्या निवतीजवळच्या नियोजित संग्रहालयाला ८५२ कोटींची मंजुरी दिली, पण २०२० मध्ये नौका अलंगला गेली.

टिकली ती छोटी स्मारके. ‘विक्रांत’च्याच धातूचे शिल्प २०१६ पासून लायन गेटजवळ उभे आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी बुडालेल्या ‘खुकरी’ युद्धनौकेवरच्या १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांची आठवण दीवला नौकेच्या एका प्रतिकृतीने ठेवली आहे.

उपनगरात स्मारक करायचे तर माप हेच असावे. मालाडच्या मार्वे किनाऱ्यावर नौदलाचा ‘हमला’ तळ, मानखुर्दला ‘तानाजी’ तळ, घाटकोपरला नौदलाचे भांडार. नौदल इथे अनोळखी नाही. मात्र नौदलाची मोठी स्मारके दक्षिण मुंबईत, आणि मुलुंड-बोरिवलीच्या शाळेला तिथवर सहल नेणे सोपे नाही. एखाद्या उद्यानात नावे कोरलेली भिंत पुरे.

पैसे कसे गोळा करावेत, हे उपनगराला शिकवायला नको. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ सी खाली धर्मादाय आयुक्तांकडे वर्गणीची परवानगी मागतात. स्मारक समितीनेही ती घ्यावी, स्वतंत्र बँक खाते उघडावे, प्रत्येक रकमेची क्रमांकित पावती द्यावी. उघडा डबा फिरवूच नये. त्यात किती पडले हे पुढे कोणालाच सिद्ध करता येत नाही. जमेतला ठरलेला वाटा देखभालीसाठी मुदत ठेवीत जावा. काम रद्द झाले तर पैसे कुठे जातील, हे पावतीवरच छापलेले असावे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी सैनिक कुटुंबांच्या कल्याणासाठी असतो. स्मारकाची वर्गणी त्यात मिसळू नये.

उपनगरातल्या ज्या संस्था असे स्मारक उभारू इच्छितात, त्यांनी भूमिपूजनाची तारीख जाहीर करण्याआधी परवानगीचा क्रमांक आणि खात्याचा तपशील जाहीर करावा. तोवर नागरिकांनी वर्गणी देऊ नये.

– एक वाचक, मुलुंड