ढोल कुणाच्या हुकमानं वाजतो?

दोस्तांनो, हलगी जाळायची की वाजवायची, हा वाद आमच्या वस्तीत दर चौदा एप्रिलच्या आधी उकरून निघतो. पोरं म्हणतात, डीजे आणा. म्हातारी म्हणतात, जिनं आपल्याला गावकीला बांधलं ती हलगी पुन्हा दारात नको. म्हाताऱ्यांचं खोटं नाही. माझ्या पणज्याच्या गळ्यात हलगी होती. पाटलाकडं मयत झालं, वाजव. लग्न निघालं, वाजव. पालखी निघाली, लांबून वाजव. बदल्यात शिळी भाकर. ५६ साली बाबासाहेबांनी धम्म दिला आणि पणज्यानं हलगी चुलीत घातली. बरोबर केलं त्यानं.

तरीही मला या वादात एक रेकॉर्ड मध्ये ठेवायची आहे. अमेरिकेतल्या काळ्यांची. १९६० सालची. नाव 'वुई इन्सिस्ट!'. म्हणजे आम्ही ठासून सांगतो. विनंती नाही, अर्ज नाही, 'मायबाप सरकार' नाही. ठासून सांगतो!

जॅझ म्हटलं की आपली पोरं तोंड वाकडं करतात. ते साहेबाचं, क्लबातलं, ग्लास हातात धरून ऐकायचं. साहेबांनी ते तसं करून ठेवलंय. ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. काळ्यांच्या कविता आपण वाचल्या, त्यांची आत्मचरित्रं वाचली. त्यांचा ढोल मात्र आपण ऐकलाच नाही. मीही नव्हता ऐकला. गोदीतली रात्रपाळी संपवून आलो आणि मोबाईलवर पहिल्यांदा ऐकला. झोप उडाली.

आधी कव्हर बघा. खानावळीच्या कौंटरवर तीन काळे तरुण बसलेत. मान वळवून थेट आपल्याकडं बघतात. कौंटरमागं गोरा नोकर. १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या कौंटरवर जाऊन बसले, कॉफी मागितली, मिळाली नाही, उठले नाहीत. त्या ठिणगीचं हे कव्हर. चवदार तळ्याचं पाणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कॉफी समजावून सांगावी लागत नाही.

आता ढोलाकडं येतो. दक्षिण कॅरोलायनात १७३९ साली गुलामांनी बंड केलं. ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी, १७४० ला, गोऱ्यांनी कायदा करून गुलामाच्या हातातला ढोल काढून घेतला. मालकाला कळलं होतं, ढोल बोलतो. क्यूबात मात्र गुलामांनी आपल्या मंडळ्यांतून ढोल जगवला, आणि आफ्रिकेत तर तो होताच. म्हणजे एकाच आईची लेकरं, तीन बंदरांवर विकलेली. कुणाचा ढोल गेला, कुणाचा राहिला.

मॅक्स रोच हा जॅझचा ड्रमवाला. त्यानं १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत या ताटातुटीतल्या लेकरांना एकत्र आणलं. नायजेरियाचा ओलातुंजी, लॅटिन तालवादक रे मॅन्टिला आणि टॉमस डू वॉल, आणि स्वतः रोच. शब्द ऑस्कर ब्राउन ज्युनियरचे, आवाज ॲबी लिंकनचा. हल्ली दुकानदार असल्या संगीताला 'फ्यूजन' म्हणतात, 'वर्ल्ड म्युझिक' म्हणतात. वर्ल्ड म्युझिक हे लेबल तर १९८७ साली लंडनमध्ये रेकॉर्डवाल्यांनी बसून ठरवलं, माल कुठल्या फळीवर लावायचा म्हणून. थोडं क्यूबाचं, थोडं आफ्रिकेचं, वरून कोथिंबीर. च्यायला, ही भेळ नव्हे! हे ढोल चवीसाठी एकत्र आलेले नाहीत. त्यांना एकच गोष्ट सांगायची होती आणि ती एकट्यानं सांगून होत नव्हती.

पहिलं गाणं मुकादमावर आहे. गुलामांना राबवणारा, बायांवर हात टाकणारा मुकादम. पाच मात्रांचा ठेका. प्रत्येक वेळी पहिल्या मात्रेवर कडाड् फटका. तो चाबूक आहे की घण, ज्यानं त्यानं ठरवावं. पाठीवर ओझं घेणाऱ्याला ती पहिली मात्रा कुणी शिकवावी लागत नाही. त्याच गाण्यात कोलमन हॉकिन्स हा पन्नाशी ओलांडलेला थोर सॅक्सोफोनवाला वाजवतो आणि एका जागी त्याचा सूर चिरकतो. तो म्हणाला, कापू नका, राहू द्या. अशा गाण्यात सगळंच गुळगुळीत झालं तर काहीतरी चुकलंय. आपल्या कवितेतलं व्याकरण तपासणाऱ्यांनी हे लिहून घ्यावं.

मधल्या गाण्यात फक्त ड्रम आणि बाई. प्रार्थना, निषेध, शांती, असे तीन भाग. निषेधात ॲबी लिंकन शब्द टाकून देते आणि किंचाळते. एकदा नाही, मिनिटभराहून जास्त. पहिल्यांदा ऐकताना मी आवाज बारीक केला. शेजारी काय म्हणतील! मग लाज वाटली. आपण स्टेजवरून ओरडतो तेव्हा विद्रोह, आणि बाई ओरडली की शेजारी आठवतात? आपल्या चळवळीत बायकांना गाणं द्यायला आपण तयार असतो. किंकाळी द्यायला तयार आहोत का?

पुढं 'ऑल आफ्रिका'त ती आफ्रिकेतल्या जमातींची नावं एकेक करून पुकारते आणि ओलातुंजी आपल्या योरुबा भाषेत उत्तर देतो. खाली सगळे ढोल. शेवटचं गाणं जोहान्सबर्गसाठी अश्रू. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ६९ माणसं मारली. त्यांच्यासाठीच्या या गाण्यात शब्दच नाहीत. आणि दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारनं ही रेकॉर्ड बंद केली! शब्द नसलेल्या गाण्याला सरकार भ्यालं. १७४० चे मालक आणि १९६० चे मालक, कान एकच.

समीक्षक काय म्हणाले? पुढच्याच वर्षी ॲबी लिंकनची स्वतःची रेकॉर्ड आली तेव्हा 'डाउन बीट' मासिकातल्या गोऱ्या समीक्षकानं तिला धंदेवाईक निग्रो ठरवलं. ओळखीचं वाटतं ना? जातीचं भांडवल करतात, कला नाही, नुसता आक्रोश. आपल्या कवींना हे प्रमाणपत्र पन्नास वर्षं मिळतंय. यांची छापखान्यातली पाटी सगळीकडं एकच. आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयानं तीच रेकॉर्ड राष्ट्राचा ठेवा म्हणून जपायला घेतली. ठेवा करण्यापूर्वी साठ वर्षं लागतात. तोवर थांबायला कुणाला वेळ आहे?

सगळं गोड नव्हतं, हेही सांगतो. रोचला माल्कम एक्सचा रस्ता पटत होता, ब्राउनला किंगचा. दोघांचं फाटलं आणि मनात होतं तेवढं काम पुरं झालं नाही. १९७४ ला आपली पँथर फुटली, ते दुखणं आपल्याला नवं नाही. पण फाटण्याआधी जेवढं हातात होतं तेवढं रोचनं रेकॉर्ड करून टाकलं. आपण जाहीरनाम्यांवर भांडलो. गाणी राहून गेली.

तर हलगी. अमेरिकेत मालकानं ढोल हातातून काढून घेतला. आपल्या गावात मालकानं तो गळ्यात बांधला. दोन्हीकडं मुद्दा एकच होता. कधी वाजायचं ते तू ठरवायचं नाहीस. माझ्या पणज्यानं चुलीत घातली ती हलगी नव्हती, तो हुकूम होता. हुकूम जळाला. आता चामडं आपलं, टिपरू आपलं, मात्रा आपली. आणि ज्या जातीत ही हलगी आजही पोटासाठी वाजते त्या मातंग भावाला बाजूला बसवून नव्हे, तर पुढं घेऊन वाजवायची. नाहीतर आपणही त्याला हुकूम सोडणारे नवे पाटील.

डीजे भाड्यानं येतो आणि सकाळी परत जातो. यंदा हलगी आणा. पाटलाच्या दारात नको, आपल्या चौकात. पहिला फटका पहिल्या मात्रेवर. शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा.

जय भीम!