‘ओळख पटत नाही’ हेही उत्तरच

अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद २०१८ साली कर्नाटकातील मक्यावर झाली. तोवर येथे आढळणाऱ्या किडींच्याच छायाचित्रांवर शिकवलेल्या संगणकप्रणालीने तिला एखाद्या परिचित अळीचे नाव दिले असते. म्हणून ‘ओळख पटत नाही’ असे सांगू शकणारी प्रणालीच विश्वासार्ह मानावी. २०२४ मध्ये राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू झाल्यापासून ही कसोटी अधिक निकडीची ठरते. विस्तार कार्यकर्त्यांनी मोबाइलवरील निदान अंतिम समजू नये. अळीच्या डोक्यावरील उलटा ‘वाय’ आणि आठव्या उदरखंडावरील चौकोनी मांडणीचे चार ठिपके भिंगातून तपासावेत. शंका उरल्यास नमुना कृषी विज्ञान केंद्राकडे न्यावा. चुकीच्या निदानावरील फवारणीचा खर्च प्रणाली नव्हे, शेतकरी सोसतो.