शेत कोणी विकत घेतले?

लेंटच्या दिवसांत तरुणांच्या बायबल वर्गात यहूदा इस्कर्योताच्या मरणाचा प्रश्न हमखास निघतो. मत्तय २७ प्रमाणे त्याने चांदीची तीस नाणी मंदिरात टाकली आणि जाऊन गळफास घेतला. त्या पैशांतून कुंभाराचे शेत विकत घेतले ते मुख्य याजकांनी. प्रेषितांची कृत्ये १ प्रमाणे शेत यहूदानेच घेतले आणि पालथा पडून त्याचे पोट फुटले. शेताचे नाव दोन्हीकडे एकच, रक्ताचे शेत.

यावरचे ठरलेले उत्तर पाळकांना तोंडपाठ असते: गळफास घेतला, दोर तुटला, तो खाली पडला. हा सांधा जुना आहे. लॅटिन व्हल्गेटने तर कृत्यांतल्या वचनातच यहूदाला 'लटकलेला' म्हटले. पण दोर तुटल्याने मरणाचा गुंता सुटला तरी खरेदीचा तसाच राहतो, आणि मोबाइलवर दोन्ही अध्याय उघडून बसलेल्या मुलाला ते लगेच दिसते.

घोळ होतो तो सगळ्या विसंगतींवर एकच औषध दिल्याने. त्यांच्या जाती वेगळ्या आहेत.

काही नकलनविसांच्या आहेत. अहज्या गादीवर आला तेव्हा २ राजे ८:२६ प्रमाणे तो बावीस वर्षांचा होता, हिब्रू २ इतिहास २२:२ प्रमाणे बेचाळीस. त्याच इतिहासात त्याचा बाप यहोराम बत्तिसाव्या वर्षी राजा झाला आणि आठ वर्षे राज्य करून वारला. म्हणजे मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी थोरला! इथे कुठलेही गूढ शोधू नये. हाताने नक्कल करताना आकडा चुकला, एवढे सरळ सांगितले तर वर्गाचा विश्वास वाढतो.

काही भाषेच्या आहेत. दिमिष्काच्या वाटेवर पौलाबरोबरच्या लोकांनी वाणी ऐकली असे कृत्ये ९:७ म्हणते. २२:९ म्हणते, ऐकली नाही. ग्रीक क्रियापद एकच आहे, त्यापुढची विभक्ती मात्र बदलते. म्हणून आवाज कानी पडला पण बोलणे कळले नाही, असा अर्थ अनेक अनुवादक घेतात. कृत्यांचा लेखक लूक हा विभक्तिभेद सगळीकडे पाळत नाही, त्यामुळे वाद मिटलेला नाही. मराठी श्रोत्याला तरी हे पटवणे सोपे जावे. 'पोरगं ऐकत नाही' म्हणणाऱ्या आईला पोराच्या कानांविषयी तक्रार नसते. पंडिता रमाबाईंनी केडगावी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले तेव्हा त्या हिब्रू आणि ग्रीककडे वळल्या; अशा जागांचा छडा मुळातूनच लागतो.

तिसरी जात हेतुपुरस्सर बदलाची. दावीदाला शिरगणती करायला प्रवृत्त कोणी केले? २ शमुवेल २४:१ म्हणते, परमेश्वराच्या कोपाने. १ इतिहास २१:१ म्हणते, सैतानाने. इतिहासकार बाबेलच्या बंदिवासानंतर लिहीत होता आणि शमुवेलाचा वृत्तांत त्याच्यासमोर होता. जुनी कथा सांगताना त्याने तिच्यातला सर्वांत अवघड शब्द बदलला. दोन पिढ्यांनी देवाच्या कोपाविषयी वेगळा विचार केला, हे इथे उघड दिसते. ते झाकणारा उपदेशक स्वतःचाच उत्तम धडा फुकट घालवतो.

आणि नीतिसूत्रे २६ मध्ये तर मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, असे चौथे वचन सांगते आणि उत्तर दे, असे पाचवे. संग्राहकाच्या नजरेतून हे सुटले असेल कसे? तालमुदात नोंद आहे की परस्परविरोधी वचनांमुळे हे पुस्तक बाजूला ठेवावे, असा विचार झाला होता. शेवटी एक वचन धर्मशास्त्राच्या गोष्टींसाठी आणि दुसरे व्यवहाराच्या, अशी वाटणी झाली आणि पुस्तक राहिले.

मंडळीपुढेही असा प्रसंग आला होता. इ. स. १७० च्या सुमारास तातियनाने चारही शुभवर्तमाने गुंफून एक सलग वृत्तांत, 'दियातेस्सरोन', तयार केला. सिरियाक मंडळ्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. पाचव्या शतकात बिशप थिओडोरेटने आपल्या भागातून त्याच्या दोनशेहून अधिक प्रती काढून घेतल्या आणि जागी चार शुभवर्तमाने ठेवली. पुढे १५३७ मध्ये जर्मन धर्मसुधारक ओसियांडरने एकही फरक न सोडता शुभवर्तमानांचा मेळ घालायचे ठरवले, तेव्हा याईराच्या मुलीला एकाहून अधिक वेळा मरून उठावे लागले.

येत्या वर्गात एका कागदावर दोन रकाने पाडून मत्तय २७:३–१० आणि कृत्ये १:१८–१९ छापून द्यावेत. कोण बोलतो, पैसे कुणाच्या हाती, रक्त कुणाचे, याखाली मुलांना पेन्सिलने रेघा ओढू द्याव्यात. मत्तयाचे लक्ष याजकांच्या हातातल्या रक्ताच्या पैशावर आहे आणि कृत्यांचे अधर्माच्या मजुरीतून घेतलेल्या जमिनीवर, हे त्यांचे त्यांना सापडेल. शेत कोणी विकत घेतले, हा प्रश्न फळ्यावर पुढच्या रविवारपर्यंत तसाच राहिला तरी चालेल.