पहिले विमान साधेच घ्यावे

नातवाला रिमोटचे विमान हवे आहे. वाढदिवसांचे साठवलेले पैसे मोजकेच, आणि मन मात्र लढाऊ जेटवर जडलेले! माझे मत विचाराल तर पहिले विमान फोमचे, तीन चॅनेलचे आणि वर पंख असलेलेच घ्यावे. टोकांशी किंचित उचललेले असे पंख कललेल्या विमानाला सावरायला मदत करतात. जेट मात्र हाताला सवय होण्याआधीच जमिनीत घुसते. फोम मोडला तरी चिकटवता येतो. सगळे पैसे विमानातच घालू नयेत. जादा प्रोपेलर, दुसरी बॅटरी आणि चांगला चार्जर यांसाठी थोडे राखावेत. पस्तीस वर्षे शिकवताना पाहिले आहे, पहिल्याच चाचणीत आपटलेले मूल विषयाचाच धसका घेते. विमान पडणारच. ते पुन्हा उडवता यावे, एवढे बघा.