टेकडीवरचे स्मारक आणि दरवाजातली माणसे

सीताबर्डीचा किल्ला कोणी बांधला असे विचारले, तर बहुतेक नागपूरकर भोसल्यांचे नाव घेतील. वस्तुस्थिती निराळी आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात तेथे लढाई झाली तेव्हा किल्ला नव्हताच. होत्या त्या दोन उघड्याबोडक्या टेकड्या, एक मोठी व एक धाकटी. तटबंदी नंतर जेत्यांनी उभारली. त्यांचे जे पडले त्यांचे स्मारकही वरच आहे. लष्कराच्या ताब्यातला हा किल्ला वर्षातल्या मोजक्याच दिवशी लोकांना खुला होतो. त्या दिवशी आपण रांगेने वर जातो, वाऱ्यावर उभे राहून शहर बघतो आणि खाली येतो. या शहराच्या बाजूने जे लढले त्यांचा दगड कोठे आहे, हे विचारण्याचे मात्र आपल्याला सुचत नाही.

तो कोठेच नाही.

२६ नोव्हेंबरच्या सायंकाळी तोफा सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबल्या नाहीत. इंग्रजांकडे रेसिडेंट जेंकिन्स आणि कर्नल स्कॉट यांच्या हाताखाली सुमारे चौदाशे शिपाई होते; अप्पासाहेब भोसल्यांकडे त्यांच्या कितीतरी पट. अरबांनी धाकटी टेकडी घेतली आणि पुन्हा गमावली. इंग्रजांचे मेलेले व जखमी मिळून साडेतीनशेहून अधिक. ही मोजदाद नीट आहे, कारण ती मोजणारे कारकून होते. आपल्याकडच्यांची असली यादी आपल्यासमोर कोणी ठेवलेली नाही.

येथे कोणी म्हणेल, हे अप्पासाहेब कोण? चुलतभाऊ परसोजी फेब्रुवारी १८१७ मध्ये मेला, त्याचा संशय यांच्यावरच. तैनाती फौजेचा तह १८१६ साली यांनीच केलेला. त्यांचे स्मारक कशाला? कबूल. पण मी अप्पासाहेबांचे स्मारक मागतच नाही. १६ डिसेंबरला ते स्वतः रेसिडेंटच्या स्वाधीन झाले. नवलाची गोष्ट पुढेच आहे. राजा गेला, सक्करदऱ्याकडे फौजेचा मोड झाला, तरी अरब व त्यांच्याबरोबरचे लोक शहर सोडीनात. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी दरवाजावर, हल्ला केला आणि तो परतवला गेला. जीविताची हमी घेऊनच डिसेंबरअखेर ते बाहेर पडले. ज्या दरवाजातून आपण महालात खरेदीला जातो, तेथे राजाविना लढाई झाली.

‘अरब तर भाडोत्री!’ हा आक्षेप मी वर्गातही ऐकला आहे. पगार घेत होते खरेच. पण टेकडीवरचे मद्रासी शिपाई कोणत्या देशभक्तीने लढत होते? तेही पगारीच, आणि तेही आपल्याच देशातले. त्यांची एक हकीकत इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. वेल्लोरच्या १८०६ च्या उठावानंतर त्यांच्या पलटणीचा जुना पहिला क्रमांक शिक्षा म्हणून काढून घेऊन तिला चोविसावा दिला होता. सीताबर्डीनंतर बक्षिसाची वेळ आली तेव्हा तिच्या देशी अंमलदारांनी मागितले काय, तर आपला जुना क्रमांक! तो त्यांना मिळाला. नावाची भूक ही अशी असते.

आणि नाव दगडावर कोरले म्हणजे पुढे काय होते, हे कोरेगावने दाखविले आहे. सीताबर्डीनंतर पाचच आठवड्यांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, तेथे लढाई झाली. इंग्रजांनी स्तंभ उभारला तो आपल्या विजयासाठी. पण त्यावर महार शिपायांची नावे होती. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि त्या स्तंभाचा अर्थ कायमचा बदलला. ज्याने दगड बसविला त्याच्या मनात हे खासच नव्हते! नावे नसती तर बदलायला काय उरले असते?

आमच्याकडे दगड का नाही, याचे कारण उघड आहे. १८१८ नंतरची नागपूरची गादी रेसिडेंटच्या सावलीत होती. बाल रघूजीच्या दरबाराने इंग्रजांविरुद्ध मेलेल्यांचा दगड बसवावा ही अपेक्षाच वेडी. अप्पासाहेब निसटले ते दूर जोधपुरात १८४० साली वारले. १८५४ मध्ये तर राज्यच खालसा झाले. हे सगळे समजण्यासारखे आहे. १९४७ नंतरच्या इतक्या वर्षांचे काय, याला मात्र माझ्याजवळ सभ्य उत्तर नाही. चौकाचौकांत पुतळे बसविण्यात हे शहर मागे नाही.

माझी सूचना लहान आहे. पुतळा नको, घोडा नको, उपसलेली तलवार तर नकोच. गांधी दरवाजाजवळ, वाहनांना अडचण होणार नाही अशा जागी, कमरेइतका एक साधा दगड. टेकडीवर नको, कारण तेथे जायला दिवस नेमलेले आहेत. मजकूर मराठीत असावा: तारखा, जागा, आणि येथे अरब व नागपूरचे सैनिक लढले व पडले, त्यांची नावे आम्ही राखली नाहीत, एवढेच. ‘अमर’, ‘तेजस्वी’ ही विशेषणे कटाक्षाने टाळावीत. शेवटचे वाक्य कोणी गाळू पाहील. ते गाळू देऊ नये.

इतिहास मंडळाने ठराव करून महानगरपालिकेकडे अर्ज द्यावा. दरम्यान मोडी शिकण्याची तयारी असलेल्या चार-पाच जणांनी जुन्या कागदांत एखादे तरी नाव सापडते का ते पाहावे. सापडले तर दगडावर त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवलेली असू द्या.