विश्लेषण : बाथरूमचे कपाट पावसाळ्यात का फुगते? छोट्या जागेत सामान ठेवायचे तरी कुठे?

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत. नोकरीबरोबर क्वार्टर मिळते आणि नोकरी संपली की ते सोडावेही लागते. अशा क्वार्टरमध्ये, किंवा भंडारा-नागपूरकडच्या एक-दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, सर्वात अडचणीची जागा म्हणजे बाथरूम. बादली, मग, बसायचे स्टूल, धुण्याचा साबण, शाम्पू, फिनाइल, ॲसिड, ब्रश, ओले टॉवेल असे सगळे त्या चार भिंतींत. मग कधीतरी मोबाइलवर ‘स्पेस सेव्हिंग’ कपाट दिसते. खोका घरी येतो, रविवारी सगळे मिळून ते जोडतात आणि पोळ्यापर्यंत त्याचे दार लागेनासे होते.

दोष जोडणाऱ्याच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात ते कपाट कोरड्या बाथरूमसाठी बनवलेले असते आणि आपले बाथरूम ओले असते.

कोरडे बाथरूम आणि ओले बाथरूम

ऑनलाइन दिसणाऱ्या बहुतेक रचना पाश्चात्त्य घरांवरून आलेल्या आहेत. तिथे आंघोळ टबात किंवा काचेच्या आडोशाआड होते आणि बाकीची फरशी कोरडी राहते. त्यामुळे बेसिनखाली पायांवर उभे कपाट, कमोडच्या मागे शिडीसारखी मांडणी हे सगळे तिथे चालते. आपल्याकडे बादलीतून मगाने आंघोळ होते, तिथेच कपडे आपटले जातात आणि शेवटी सगळी फरशी पाणी ओतून खराट्याने घासली जाते. गुडघ्यापर्यंतची भिंत रोज भिजते. म्हणजे खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा पाण्याचा, तिथे फर्निचरने जाऊच नये. जमीन सोडावी आणि भिंत धरावी, ही पहिली गोष्ट.

जुन्या घरांत हे कुणाला सांगावे लागत नसे. न्हाणीघरात जाड भिंतीत कोनाडा असे, त्यात साबण आणि वजरी. बाजूला खुंटी, तिच्यावर कपडे. पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात घंगाळ न्हाणीत असले तरी लाकडाची वस्तू तिथे सहसा ठेवत नसत. आता भिंतीच पातळ झाल्या. साडेचार इंचांच्या आडभिंतीत छिन्नी मारून कोनाडा कोरायचा म्हटले तर भिंत पलीकडच्या खोलीत उघडायची. ती हौस टाळलेली बरी.

जागा किती असते, तेही पाहू. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 नुसार न्हाणी आणि संडास एकत्र असतील तर किमान क्षेत्रफळ 2.8 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 30 चौरस फूट, आणि किमान रुंदी 1.2 मीटर. त्यातून कमोड, बादली आणि दार उघडण्याची जागा वजा केली की माणसाला उभे राहण्यापुरतेच उरते. सामान ठेवण्यासाठी त्यात वेगळे काही धरलेले नाही. घर बांधणारा ही गरज विसरतो आणि नंतर ती कपाट विकणाऱ्याकडे जाते.

कपाट फुगते ते का?

स्वस्त कपाटांत पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असते. लाकडाचा भुसा किंवा तंतू गोंदाने दाबून ही फळी तयार होते, वरून चकचकीत थर चिकटवतात. थर पाणी रोखतो, पण कडा आणि स्क्रूची छिद्रे उघडी असतात. पाणी तिथून शिरते, आतला भुसा फुगतो आणि एकदा फुगला की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. पूर्व विदर्भाचे हवामान त्यात भर घालते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात, जुलैत भिंतींनाही ओल. लाकडी वस्तूने एवढे आकसायचे आणि फुगायचे तरी किती?

‘वॉटर रेझिस्टंट’ या शब्दावर विसंबू नये. पाणी काही काळ सोसणे वेगळे आणि पाण्याने न बिघडणे वेगळे. प्लायवूडच घ्यायचे तर आयएस 710 हा शिक्का पाहावा. हे मरीन प्लायवूडचे मानक आहे. तेही कापलेल्या कडा पट्टीने किंवा रंगाने बंद केल्या तरच टिकते. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचा बोर्ड पाण्याने फुगत नाही, वाळवीही लागत नाही. त्याची उणीव एवढीच की स्क्रूची पकड लाकडाइतकी घट्ट नसते. बिजागरी उचकटू लागते, म्हणून दारे लहान आणि हलकी असावीत.

स्टीलच्या बाबतीत दुकानात एक प्रयोग हमखास करून दाखवतात. लोहचुंबक लावायचे, ते चिकटले नाही की ‘बघा, 304 आहे’ म्हणायचे. हा पुरावा अर्धवट आहे. स्वस्त 202 स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. फरक निकेलचा आहे. 304 मध्ये ते साधारण 8 टक्के असते, 202 मध्ये बरेच कमी, म्हणून त्यावर गंजाचे ठिपके लवकर येतात. ग्रेड बिलावर लिहून मागावा. दुकानदार लिहायला तयार नसेल तर उत्तर मिळालेच. आणि 304 सुद्धा अमर नाही. संडास धुण्याचे ॲसिड शेजारी अर्धवट झाकणाने ठेवले तर त्याच्या वाफेने चांगले स्टीलही तांबूस पडते.

ज्यांचे घर स्वतःचे आहे आणि टाइल्स बदलायच्याच आहेत, त्यांना तर कपाट घेण्याची गरजच नाही. मिस्त्रीला सांगून भिंतीत ग्रॅनाइटची अरुंद फळी बसवून घ्यावी. कडप्पाही चालतो, पण तो चुनखडी जातीचा दगड आहे, ॲसिडचे थेंब पडले की पांढरा पडतो.

आकार ठरवताना

बाथरूमच्या कपाटाची खोली ही सर्वात फसवी गोष्ट. शाम्पूची बाटली 6 ते 8 सेंटिमीटर जाड असते, एक लिटर फिनाइलची 10 च्या आसपास. म्हणजे 12 ते 15 सेंटिमीटर खोल कपाट पुरते. त्यापेक्षा खोल घेतले तर मागच्या रांगेत रिकाम्या बाटल्या साठतात आणि आंघोळ करताना कोपर आपटते. शिवाय कपाट जितके भिंतीपासून पुढे येते, तितका वरच्या स्क्रूवर ओढा वाढतो.

खरेदीपूर्वी एक साधा उपाय करून पाहावा. घरातला जुना खोका कपाटाच्या मापाचा कापून त्या जागी चिकटपट्टीने भिंतीला लावायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. दार त्याला लागते का, नळ उघडताना हात अडतो का, वाकल्यावर डोके आपटते का, सगळे कळते. ऑनलाइन फोटोतून यातले काहीच कळत नाही.

मोकळ्या जागा तीनच सापडतात. कोपरा, दाराची मागची बाजू आणि दाराच्या चौकटीवरची भिंत. कोपऱ्यात जाळीची त्रिकोणी फळी उत्तम, कारण पाणी थांबत नाही. दारामागे हूक लावताना दार पोकळ पीव्हीसीचे आहे का पाहावे. त्यात स्क्रू तग धरत नाही, तिथे वरून अडकवायचे हँगर घ्यावे. चौकटीवरची जागा बहुतेक घरांत रिकामीच असते. छत दहा फुटांच्या आसपास असेल तर तिथे छोटा माळा होतो. महिन्यातून एकदा लागणाऱ्या हलक्या वस्तू तिथे जाव्यात, पाच लिटरचा कॅन नव्हे.

बसवताना काय चुकते?

खोक्यातल्या कपाटाचे सगळे स्क्रू आधी अर्धेच फिरवावेत. चौकट गुण्यात आली की मग एकेक कसावा. पहिलाच स्क्रू पूर्ण आवळला की शेवटचे छिद्र कधीच जुळत नाही. छिद्रात स्क्रू घालण्यापूर्वी सिलिकॉनचा थेंब सोडला तर पाणी आत शिरायचा मुख्य रस्ता बंद होतो.

भिंतीचे काम जास्त जोखमीचे. नळ, शॉवर आणि गीझर यांच्या सरळ वर-खाली पाइप असू शकतो, स्विचच्या सरळ वर-खाली वायर. या उभ्या रेषांच्या दोन्ही बाजूंना किमान 15 सेंटिमीटर सोडून छिद्र पाडावे. भिंतीतला सीपीव्हीसी पाइप प्लास्टिकचा असतो, तो चुंबकाने सापडत नाही. बाथरूमच्या वायरिंगचा एमसीबी बंद करून ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून घ्यावी. फरशी ओली असताना वायरवरचे ड्रिल हातात धरूच नये.

टाइलवर आधी बोटाने वाजवून पाहावे. बोदा आवाज आला तर मागे पोकळी आहे, तिथे ती तडकणार. खुणेवर कागदी चिकटपट्टी लावावी म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद, वेग कमी. टाइलच्या मागचे प्लास्टर लागले की मग हॅमर. गिट्टी, म्हणजे प्लास्टिकचा रावळ प्लग, टाइलमध्ये अडकून न राहता मागच्या विटेपर्यंत गेली पाहिजे, कारण वजन विटेने पेलायचे असते. पाणसळ लावून कपाट सरळ केले की वरची आणि बाजूची फट सिलिकॉनने भरावी. खालची फट मात्र मोकळी ठेवावी. बरेच कारागीर चारही बाजू बंद करतात. मग मागे गेलेले पाणी तिथेच अडकते.

क्वार्टर आपले नसते

सरकारी क्वार्टर असो की भाड्याचे घर, भिंत दुसऱ्याची आहे. तोडफोड किंवा मोठे ड्रिलिंग करण्यापूर्वी वसाहतीचे काम पाहणाऱ्या कार्यालयाला किंवा घरमालकाला लेखी विचारावे. जुन्या बांधकामात टाइल्स अनेकदा अर्ध्या भिंतीपर्यंतच असतात. तसे असेल तर त्यांच्यावर, प्लास्टरमध्ये छिद्र पाडणे सोयीचे. जाताना ते पुट्टीने बुजवता येते, टाइलमधले छिद्र लपत नाही.

चिकटणारे हूक आणि रॅक हा दुसरा मार्ग. ते गुळगुळीत टाइलवरच टिकतात, चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर नाही. टाइलवरचा साबणाचा आणि क्षारांचा थर काढून, ती पूर्ण कोरडी करून चिकटवावेत आणि पाकिटावर लिहिलेला वेळ, बहुधा 24 तास, जाईपर्यंत काही टांगू नये. आरशाचे कपाट अशा चिकटपट्टीवर सोडणे म्हणजे काच पायावर पाडून घेणे.

आणखी एक हिशेब क्वार्टरवाल्यांनी करावा. पार्टिकल बोर्डचे कपाट एकदा सोडून पुन्हा जोडले की स्क्रूची छिद्रे सैल होतात. दुसऱ्या घरात ते पहिल्यासारखे उभे राहत नाही. स्टीलची जाळीची मांडणी महाग वाटते, पण ती सामानाबरोबर ट्रकमध्ये चढते.

कुठे काय ठेवू नये

ॲसिड आणि ब्लीचिंग एकाच फळीवर नको. दोन्ही सांडून एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद, छोट्या बाथरूममध्ये तो श्वास कोंडतो. हे द्रव दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवणे त्याहून वाईट. कोल्ड्रिंकच्या बाटलीतले ॲसिड मुलांना सरबतच दिसते. बाथरूममध्ये कुलपाचे कपाट शक्य नसेल तर ही रसायने बाहेर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा बंद जागी ठेवावीत. औषधेही बाथरूममध्ये नकोत, वाफेने खराब होतात. गीझरखाली फळी लावायचीच असेल तर दुरुस्तीवाल्याचा हात जाईल एवढी जागा सोडावी.

घरात वयस्कर माणूस असेल तर टॉवेलच्या दांडीकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. पाय घसरला किंवा कमोडवरून उठायचे असले की हात आपोआप जवळच्या दांडीकडे जातो. टॉवेलची दांडी दोन लहान स्क्रूंवर असते, ती टॉवेल पेलते, माणूस नाही. दांडी उखडली की आजोबा आणि वरचे कपाट दोन्ही खाली. त्यांच्यासाठी आधाराची जाड दांडी वेगळी, विटेत खोल बसवलेली हवी आणि तिच्यावर टॉवेल टाकू नये. रोजच्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत असल्या की वाकणे आणि टाचा उंचावणे दोन्ही वाचते.

वर्णनात मरीन प्लाय आणि खोक्यात भुशाची फळी निघाली तर? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढावा, आणि जोडणी सुरू करण्यापूर्वी फळीची उघडी कड पाहून घ्यावी. एकावर एक पातळ थर दिसले तर ते प्लाय, दाणेदार भुसा दिसला तर पार्टिकल बोर्ड. विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.