बागेचा सौदा आणि चार ओळींचा कागद

गिरणाकाठच्या भडगाव तालुक्यात केळीची बाग हे नुसते पीक नव्हे, तो एक व्यवसायच आहे. लागवडीपासून कापणीपर्यंत सुमारे वर्षभर खत, पाणी, मजुरी व औषधे यांवर खर्च चालू असतो आणि त्या साऱ्याचा मोबदला कापणीच्या अवघ्या काही दिवसांत हाती यावयाचा असतो. रोपे, ठिबकच्या नळ्या व खते यांच्या पावत्या बागायतदार जपून ठेवतो. परंतु ज्या सौद्यावर त्याचे सारे उत्पन्न अवलंबून असते, तो सौदा पुष्कळदा बांधावर उभ्या उभ्या तोंडीच ठरतो. विसाराची थोडी रक्कम मिळते, मालाचा ट्रक भरून निघून जातो आणि उरलेल्या पैशाला आधार म्हणून डायरीतील एक आकडा तेवढा शिल्लक राहतो. वर्षाच्या कष्टाला हा आधार पुरेसा नाही.

शब्दाला जागणारे व्यापारी खानदेशात पूर्वीही होते व आजही आहेत. म्हणूनच कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे अनेकांना वाटते. ही समजूत बरोबर नाही. दोन प्रामाणिक माणसांच्याही आठवणीत महिन्याभराने अंतर पडते. भाव सौद्याच्या दिवसाचा की कापणीच्या दिवसाचा, दांड्याच्या वजनाची वजावट किती, हमाली कोणाकडे, या गोष्टी लिहून ठेवल्या की वादाचे मूळच उरत नाही आणि जुना संबंधही टिकतो.

लेखी व उघड व्यवहाराचे महत्त्व खानदेशाला नवे नाही. हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची पद्धत एके काळी कापसाच्या बाजारात रूढ होती. माल शेतकऱ्याचा असला तरी त्याचा भाव काय ठरला, हे त्यालाच धड कळत नसे. मुंबई इलाख्यात 1927 साली कापूस बाजाराचा कायदा झाला व त्याखाली धुळे येथे नियंत्रित बाजार सुरू झाला. पुढे 1939 चा व त्यानंतर 1963 चा कृषी उत्पन्न बाजार कायदा आला. परवानाधारक खरेदीदार, उघड लिलाव, तपासलेले काटे व तक्रार ऐकणारी समिती ही या कायद्यांनी दिलेली देणगी होय.

परंतु राज्य शासनाने 2016 साली फळे व भाजीपाला यांची बाजार आवाराबाहेरील विक्री या नियमनातून मुक्त केली, ही गोष्ट बागायतदाराने नीट ध्यानात घेतली पाहिजे. या मोकळीकीचे फायदे आहेतच. माल कोणासही व कोठेही विकता येतो. मात्र बांधावर झालेल्या सौद्यामागे बाजार समितीचे संरक्षण पूर्वीसारखे उभे राहत नाही. जे काम समितीचे नियम करीत, ते आता उभय पक्षांच्या कराराने करावयाचे आहे. मोकळीक घेतली आणि करार केला नाही, तर बागायतदार दोन्हीकडून उघडा पडतो.

भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्यानुसार तोंडी करारही सामान्यतः ग्राह्य असतो. अडचण येते ती पुराव्याची. सज्ञान व्यक्तींनी राजीखुशीने, कायदेशीर मोबदल्यासाठी केलेला करार न्यायालय मानते. पण तो झाला व अमुक अटींवर झाला, हे मागणाऱ्याला सिद्ध करावे लागते. मोठ्या व्यापाऱ्याजवळ मुनीम, वह्या व वकील असतात. लहान बागायतदाराजवळ यांपैकी काहीच नसते. त्यामुळे कागदाची गरज मोठ्यापेक्षा लहानालाच अधिक आहे.

कागदावर काय असावे? दोघांची पूर्ण नावे व पत्ते, गट क्रमांक, झाडांची अंदाजे संख्या, नवती की पिलबाग, भाव कोणत्या दिवसाचा, तोल कोणत्या काट्यावर, वजावट किती, कापणीची शेवटची तारीख, विसाराची रक्कम व बाकी देण्याची मुदत. शेवटी दोघांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या. याखेरीज एक कलम खानदेशात कधीही विसरू नये, ते म्हणजे वादळाचे. उन्हाळ्याच्या अखेरीस सुटणारा वारा उभी बाग एका रात्रीत आडवी करतो. सौदा झाला, विसार घेतला आणि कापणीपूर्वी बाग पडली, तर नुकसान कोणाचे? 1930 च्या मालविक्री कायद्याप्रमाणे मालाची जोखीम सामान्यतः मालकीबरोबर जाते. आणि माल तोलून किंमत ठरवावयाची असेल, तर तोल होईपर्यंत मालकी बहुधा विकणाऱ्याकडेच राहते. वेगळे ठरवावयाचे असल्यास ते करारातच लिहावे लागते. ठरलेल्या तारखेस व्यापाऱ्याने माल कापला नाही तर त्यापुढील जोखीम त्याची, एवढे एक वाक्य मोठी हानी टाळू शकते.

पैसे थकले तर स्वस्थ बसणे घातक ठरते. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावण्याची मुदत 1963 च्या मुदत कायद्यानुसार तीन वर्षांची आहे. ही मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने बाकी मान्य असल्याचे लिहून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. म्हणून नुसत्या आश्वासनावर परत न फिरता बाकीची चिठ्ठी सहीनिशी घ्यावी. दिलेला धनादेश न वटल्यास बँकेकडून तसे कळल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात फौजदारी तक्रार करता येते. या तारखा चुकल्या की हक्क असूनही हात रिकामे राहण्याचा संभव असतो.

केळीचे वेफर्स, पापड, लोणची करणाऱ्या बचतगटांना व लहान उद्योगांनाही हेच तत्त्व लागू आहे. सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी असलेल्या 2006 च्या कायद्याप्रमाणे खरेदीदाराने लेखी ठरलेल्या मुदतीत, व ती फार तर 45 दिवसांत, पैसे चुकते करावयाचे असतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. परंतु या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी माल पुरविण्यापूर्वीच झालेली असली पाहिजे. अन्न नोंदणी व पडताळणीचा शिक्का असलेला काटा यांचेही तसेच आहे. स्वतः नियम पाळणाऱ्यालाच दुसऱ्याकडे नियमाची मागणी ठामपणे करता येते.

कागद मागितला तर व्यापारी दुसऱ्या बागेकडे वळेल, ही भीती खोटी नाही. पिकलेला घड कोणासाठी थांबत नाही आणि एकट्या बागायतदाराचा आग्रह तेथे टिकत नाही. म्हणूनच हे काम गावाने मिळून करावयाचे आहे. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने सौद्याचा एकच छापील नमुना ठेवावा व गावातील प्रत्येक बाग त्याच नमुन्यावर विकली जावी. असे झाले म्हणजे कागद ही एकाची अट न राहता गावाची रीत होईल. तरीही तंटा उद्भवल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे. लोकअदालतीत तडजोड झाल्यास तिचा निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो.

कराराने वारा थांबत नाही, की भाव चढत नाही. बुडविणाऱ्याकडून पैसे वसूल करावयास वेळ लागतो, हेही खरे. परंतु बागेला कुंपण घालणारा शेतकरी, चोर कधीच येणार नाही अशा खात्रीने ते घालीत नाही. बागेभोवती कुंपण असते, तसा सौद्याभोवती कागद असावा. येत्या हंगामात पहिला घड कापण्यापूर्वी चार ओळी लिहून घेण्याची सवय भडगावच्या बागायतदारांनी लावून घेतली, तर तिचा लाभ त्यांच्याबरोबरच सचोटीच्या व्यापाऱ्यालाही झाल्यावाचून राहणार नाही.